भिंतभर कागद

मला भिंतींची भीती वाटते. सापाची, अंधाराची, लिफ्टची भीती वाटते म्हटलं तर लोक समजून घेतात. भिंतीची म्हटलं की हसतात. त्यातून मी नांदेडच्या एका शाळेत भूगोल शिकवते. भूकंपाचा धडा दरवर्षी घ्यावाच लागतो. फळ्यावर लहरी काढते, मुलं कंटाळून जांभया देतात, आणि त्या पूर्ण तासात माझा एक पाय दाराकडे वळलेला असतो हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आमचं गाव लातूरकडचं, औसा तालुक्यातलं. तो भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद, असं आमचं घर होतं. भूकंपाच्या आधीचं वर्षभर जमीन अधूनमधून गुरगुरायची, मांडणीवरची भांडी वाजायची, आणि लोकांना त्याची सवय झाली होती. आमच्या आतल्या खोलीच्या भिंतीला तेव्हाच एक भेग पडली होती. गौरी-गणपती आले, पाहुणे येणार, म्हणून मायनं ती भेग भरून वरून पांढऱ्या मातीनं सारवली. इतकी सफाईदार की बोट फिरवलं तरी कळू नये. शेजारणींनी तिचं कौतुक केलेलं मला आठवतं. माझा धाकटा भाऊ त्या भिंतीशी झोपायचा. विसर्जन झालं त्या रात्री ती भिंत आत आली.

यापुढचं मी लिहिणार नाही. लिहून कुणाचं काही होत नाही.

नंतर आम्हाला नव्या गावठाणात सरकारी घर मिळालं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथं एक रीत सुरू केली. भिंतीला केसाएवढी रेघ दिसली तरी ते मायला गव्हाच्या पिठाची खळ शिजवायला सांगायचे आणि वर्तमानपत्राची एक पट्टी त्या रेघेवर आडवी चिकटवायचे. पट्टी शाबूत राहिली तर भेग जुनी, नुसती दिसायला. पट्टी फाटली तर भेग चालते आहे, आणि मग सगळ्यांची अंथरुणं अंगणात. सकाळी उठल्यावर चूळ भरायच्या आधी पट्ट्या बघायच्या, हे आमच्या घरचं काम होतं. दुसऱ्यांच्या घरी भिंतीवर देवांची कॅलेंडरं असायची, आमच्याकडे कागदाच्या पट्ट्या. माय तर त्यावरही भरवसा ठेवायची नाही. तिनं घराशेजारी पत्र्याची एक खोली उभी करून घेतली आणि त्यानंतर ती कधीही स्लॅबखाली झोपली नाही. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली भाजून निघायची, पण हटायची नाही.

दादा गेल्यावर ती तिथं एकटी राहू लागली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. परवाच्या थंडीत न्हाणीच्या दगडावरून पाय घसरून पडली आणि शेजारच्या काकूंनी उठवेपर्यंत तशीच पडून होती. काकूंचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते. त्याच दिवशी मी तिला फोनवर सांगितलं की आता नांदेडला यायचं, डोळ्यांचं ऑपरेशन करायचं आणि इथंच राहायचं. ती म्हणाली, येते, पण भिंती बघते आणि मग ठरवते. भेगाळलेलं घर असलं तर दुसऱ्या गाडीनं परत.

म्हणजे प्रश्न एवढाच होता. घर तिच्या पसंतीला उतरलं नाही तर ती त्या पत्र्याच्या खोलीत परत जाणार, डोळ्यांनी आंधळी होणार आणि एके दिवशी न्हाणीत पडलेली सापडणार. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

आमचं घर तसं धड आहे. खाली तीन खोल्या, वर गच्ची. मागची खोली मायला द्यायची ठरली. तिथल्या एका भिंतीचे पोपडे निघत होते, म्हणून नवऱ्यानं तिथलं लोखंडी कपाट सरकवलं आणि मागे भेग निघाली. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी छताकडे गेलेली. मी नख घालून पाहिलं, नख आत गेलं. मी खोलीच्या बाहेर जाऊन उभी राहिले.

नवरा बिलोलीकडचा. त्याच्या घरच्यांनी भूकंप वर्तमानपत्रात वाचलेला. माणूस चांगला, पण जगातली निम्मी संकटं नुसती हसून घालवता येतात असं त्याला मनापासून वाटतं. अलीकडे नांदेड-हिंगोलीकडेही जमीन मधूनच हलते, तेव्हा मी ओढणी न घेता रस्त्यावर असते आणि हा चहा संपवून मागून येतो. त्यानं त्याच्या एका इंजिनिअर मित्राला बोलावलं. मित्रानं बोटांच्या पेरांनी भिंत वाजवली, छताकडे बघितलं, आणि सांगितलं की खिडकीच्या कोपऱ्यात अशी भेग पुष्कळ घरांत येते, घराचा भार कॉलम-बीमवर आहे, या भिंतीवर नाही. भरून टाका आणि विसरून जा. रंग दिला तर काही महिन्यांनी रेघ पुन्हा वर दिसेल, वॉलपेपर लावला तर दिसणार नाही. एवढं बोलून तो पोहे खाऊन गेला.

मला त्याचं पटलं. डोक्याला पटलं. पोटाला नाही.

मी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, वर्तमानपत्राची पट्टी कापली आणि भेगेवर आडवी लावली. नवऱ्यानं विचारलं, भिंतीला राखी बांधलीस का. त्यानंतर रोज सकाळी चहाच्या आधी मी त्या खोलीत जायची. पट्टी शाबूत दिसली की बरं वाटायचं, आणि शाळेत पहिल्या तासाला पुन्हा वाटायचं, आत्ता फाटली असेल तर. असे पंधरा-वीस दिवस गेले. पट्टी फाटली नाही. नवरा म्हणाला, आता तरी तुझ्या साक्षीदाराला सोड, मला भिंत तयार करायची आहे.

कारागीर लावायचा नाही, वॉलपेपर आपण स्वतः लावायचा, हे त्यानं मोबाईलवर व्हिडिओ बघून ठरवलं होतं. वजिराबादच्या बाजारातून रोल आणला, फिक्या हिरव्यावर कडुनिंबासारखी बारीक पानं असलेला. माझी पट्टी त्यानं ओल्या फडक्यानं भिजवून अलगद काढली, तेवढी माणुसकी दाखवली. मग जुना रंग पत्तीनं खरवडला. भेग कोरून थोडी रुंद केली, म्हणजे मसाला आत धरतो. ती रुंद होताना मला बघवेना. आत मसाला भरला, वरून जाळीची टेप, तिच्यावर लांबी, म्हणजे पुट्टी. लांबी वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासायला सुरुवात केली आणि खोली पांढऱ्या धुळीनं भरली.

मी चहा घेऊन दारात आले तेव्हा तो माझ्याकडे वळला. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यांवर धूळ, फक्त डोळे ओले आणि काळे. मी भूकंपाच्या सकाळी गावातली माणसं याच रंगाची बघितली होती. सगळी एकाच वयाची झालेली. माझ्या हातातला कप कधी खाली पडला मला कळलं नाही. त्यानं घाईनं तोंड पुसलं आणि काय झालं म्हणून विचारत राहिला. मी म्हणाले, काही नाही, आधी आंघोळ करून या. त्या दिवशी मी त्याला केसांना दोनदा साबण लावायला लावला.

माय सोमवारी येणार होती. आदल्या दिवशी, रविवारी, प्रायमर वाळून खडखडीत झालेला होता. दुपारची जेवणं उरकून आम्ही कागद लावायला घेतला. पहिली पट्टी सरळ लागली तरच पुढच्या सरळ लागतात, म्हणून ओळंबा पाहिजे. आमच्याकडे ओळंबा कुठला. नवऱ्यानं कपाटाची जुनी किल्ली दोऱ्याला बांधली आणि छताजवळच्या खिळ्याला टांगली. किल्ली हलायची थांबली की दोऱ्याच्या रेषेत पेन्सिलीची खूण करायची. पंखा बंद होता, नाहीतर गोंद लवकर सुकतो. मी खाली बसून कागदाच्या मागे गोंद लावत होते, तो स्टुलावर उभा राहून वरून चिकटवत होता आणि मी खालून कोरड्या फडक्यानं मधून कडेला हवा काढत होते. दोन पट्ट्या छान बसल्या. पानाला पान जुळलं. मला चक्क बरं वाटायला लागलं. मी काहीतरी गुणगुणत होते असं नवरा नंतर म्हणाला.

तिसरी पट्टी भेगेवरची होती. तो वरची कड बसवत असताना माझी नजर किल्लीकडे गेली. किल्ली हलत होती.

मी आधी पंख्याकडे बघितलं. पंखा बंदच. मग लोखंडी कपाटाची मूठ वाजायला लागली आणि पायाखालून तो आवाज आला. दूर कुणीतरी भरलेलं पिंप ओढत न्यावं तसा. जाणकार म्हणतील दोनतीन सेकंद. मला त्या दोनतीन सेकंदांचं काही सांगता येणार नाही, कारण भान आलं तेव्हा मी रस्त्यावर होते, अनवाणी, हातात गोंदाचं फडकं. नवरा स्टुलावर आहे हे मला रस्त्यावर आल्यावर आठवलं.

तो आला मागून. चालतच आला. गल्लीतली माणसं बनियनवर, लुंगीवर बाहेर आलेली, सगळ्यांचे फोन वाजत होते, जाणवला का, तुमच्याकडे जाणवला का. कुठं काही पडलं नव्हतं. हळूहळू कुणी दाराशी खुर्च्या टाकल्या, कुणी हसायला लागलं. मी गल्लीतल्या कडुनिंबाला टेकून उभी होते. ऊन उतरेपर्यंत मी घरात गेले नाही. नवऱ्यानं आग्रह केला नाही. त्यानं माझ्या चपला बाहेर आणून दिल्या.

आत गेलो तर तिसरी पट्टी वरून सुटून स्वतःलाच चिकटून खाली पडलेली होती. भिंत उघडी होती. आम्ही दोघं त्या लांबी भरलेल्या जागेसमोर उभे राहिलो. वरून काही दिसत नव्हतं. पण आत? मसाल्यामागे भेग सरकली की नाही? इतके दिवस वर्तमानपत्राची पट्टी लावून ठेवली, त्या दिवसांत काही झालं नाही. आणि ज्या दिवशी जमीन हलली त्या दिवशी पट्टी नव्हती. मी भिंतीला तळवा लावला. गार होती, बाकी काही कळलं नाही. नवऱ्याला तेव्हा विनोद सुचला नाही. आमच्या संसारात असं फार वेळा झालेलं नाही. तो हळूच म्हणाला,

"थांबवू या का हे? तू म्हणशील तर पुन्हा खरवडून बघतो."

मला तेच पाहिजे होतं. पण उद्या दुपारच्या एसटीनं माय येणार होती. खरवडलेली, जाळी लावलेली भिंत बघितली की ती पिशवीसुद्धा खाली ठेवणार नाही. मी म्हणाले, लावा. नवी पट्टी कापा आणि लावा. त्यानं लावली. मी खालून फडकं फिरवत गेले, हवा काढत गेले, आणि काम झाल्यावर त्या जागेवरून बोट फिरवून बघितलं. काही कळत नव्हतं. पानाला पान जुळलेलं. तेव्हा मला मायचा पांढऱ्या मातीचा हात आठवला. तिनं जे केलं होतं तेच मी करत होते, फक्त कागद महागाचा होता. हे कळूनही मी कागद उपटला नाही.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मायला बसस्टँडवरून आणलं. ती रिक्षात माझा दंड धरून बसली होती, आणि माझ्या मनात एकच चाललं होतं की तिला धड दिसत नाही ते बरं आहे. असा विचार आईबद्दल केला याची लाजही वाटली नाही, इतकी मी घाबरलेली होते.

घरात आल्यावर तिनं पाणी घेतलं नाही. आधी भिंती. पुढच्या खोलीपासून सुरुवात केली. डोळे भिंतीला लावून बघायची, मग तळवा ठेवायची, मग सरकायची. स्वयंपाकघर झालं. मागच्या खोलीत आली. तिचा पलंग आम्ही मुद्दाम पलीकडच्या भिंतीशी टाकला होता, स्वच्छ चादर घालून. तिनं पलंगाकडे बघितलंही नाही. सरळ कागदाच्या भिंतीशी गेली आणि हात ठेवला. हात तिथंच थांबला. मग दोन्ही हात ठेवले. नवरा पुढे होऊन सांगायला लागला की हल्ली अशी फॅशन आहे, हॉटेलांत असतं, पोपडे निघत नाहीत, किती छान पानं आहेत बघा. तो खरंच छान बोलला. मायनं त्याला बोलू दिलं. मग माझ्याकडे तोंड करून विचारलं,

"भिंतभर कागद? केवढी भेग हाय गं?"

इतक्या दिवसांच्या विचारात हे कसं सुचलं नाही? आमच्या घरात भिंतीला कागद लागतो तो एकाच कारणासाठी. तिच्यासाठी दुसरं कारणच नव्हतं. मी भेग लपवायला जे लावलं होतं, ते तिला दारातूनच भेग सांगत होतं.

मी सगळं सांगितलं. खिडकीचा कोपरा, मित्राचं म्हणणं, पट्टी, कालचा धक्का. सांगताना रडले. परत जाऊ नको म्हणाले. आता ती पिशवी उचलेल आणि दाराकडे वळेल याचीच मी वाट बघत होते. तिनं जागा विचारली. मी तिचा हात धरून खिडकीच्या कोपऱ्यावर नेला. तिची बोटं वरून खाली, खालून वर फिरली, आम्ही भरलेल्या जागेवर दोनदा थांबली. तिला कळलं होतं. माझ्या बोटाला जे कळलं नव्हतं ते तिच्या बोटांना कळलं होतं.

"पीठ दे मूठभर," ती म्हणाली, "आन् पेपर."

स्वयंपाकघरात जाऊन तिनं स्वतः खळ शिजवली. मी नुसतं गॅसजवळ उभं राहून तिचा पदर सांभाळत होते. मग आमच्या त्या महागाच्या पानांवर, बरोबर भेगेच्या जागी, तिनं वर्तमानपत्राची पट्टी आडवी चिकटवली. छताकडे नाही, खाली, खिडकीच्या कोपऱ्यालगत, पलंगावरून हात वर केला की पोचेल इतक्यावर. नवऱ्याचा चेहरा उतरला. मग तिनं त्याला पलंग सरकवायला सांगितला. पलीकडून अलीकडे, कागदाच्या भिंतीला लावून.

मी म्हणाले, माय, इथं नको, तिकडेच बरं आहे. मी पलंगाचा पाय धरूनच ठेवला. तिनं माझा हात सोडवला.

"डोळ्यानं दिसंना. हाताला लागाय पाहिजे. फाटली की मी हाक मारीन, तुमी निघा." मग पट्टीवर अंगठा दाबत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या टायमाला माती लावली म्या. मातीनं काय सांगितलं न्हाई."

इतक्या वर्षांत ती त्या भिंतीबद्दल एवढंच बोलली. धाकटा जिथं झोपायचा, भिंतीला पाठ लावून, तशीच ती आता झोपते. स्लॅबखाली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे. परत जायचं ती नाव काढत नाही. नवऱ्याचा इंजिनिअर मित्र म्हणतो त्याप्रमाणे भिंतीला काही होणार नाही, हे मला आता बरंचसं पटलंय. तरी मला भीती वाटते, पूर्वीपेक्षा जास्त वाटते, कारण पूर्वी त्या भिंतीशी कुणी नव्हतं. सकाळी मी चहाच्या आधी तिच्या दाराशी जाऊन उभी राहते, आत जात नाही. आतून कागदावरून हात फिरल्याचा आवाज येतो. मग ती म्हणते, "शाबूत हाय," आणि मी गॅस पेटवायला जाते.